बेंच अडकली म्हणून सेट वाढवताय? आधी हे वाचा

हे पत्रक आमच्या जिममध्ये पाच-सहा महिने नियमित येणाऱ्या सभासदांसाठी आहे. अगदी नवीन असाल तर बाजूला ठेवा. तुमच्या रॉडवरचं वजन सध्या दर आठवड्याला वाढत असेल, ते वाढू द्या.

"सर, बेंच साठवर अडकलीय, अजून दोन सेट मारू का?" हा प्रश्न संध्याकाळच्या बॅचला ट्रेनर रोज ऐकतात. (बेंच म्हणजे बेंच प्रेस, बाकावर उताणं पडून रॉड छातीवरून वर ढकलणं; साठ म्हणजे साठ किलो.) अर्धे लोक तर विचारतही नाहीत, मारून मोकळे होतात. चाराचे सहा सेट होतात, शेवटी मशीनवर आणखी तीन, आणि महिनाभराने तेच सभासद खांदा चोळत काउंटरवर येतात. बेंच साठवरच असते.

आधी खरंच अडकली आहे का ते बघा. साठ किलोवर गेल्या आठवड्यात तीन सेटमध्ये 8, 7, 6 रेप (म्हणजे एका सेटमध्ये वजन किती वेळा उचललं ते) निघाले आणि या आठवड्यात 8, 8, 7 निघाले, तर बेंच पुढे गेली आहे. प्लेट तीच आहे म्हणून तुम्हाला ते दिसत नाही, एवढंच. तेच वजन, तेवढेच रेप, मध्ये तेवढीच विश्रांती आणि सलग तीन-चार वेळा काहीच हललं नाही, तर आम्ही त्याला अडकणं म्हणतो. विश्रांतीचा उल्लेख मुद्दाम केला. सातच्या गर्दीत मागे कोणी उभं असलं की तीन मिनिटांची विश्रांती एका मिनिटावर येते आणि पुढच्या सेटला दोन रेप कमी पडतात. ही ताकद घटल्याची खूण नाही.

आणखी एक हिशेब. पहिल्या काही महिन्यांनंतर महिन्याला अडीच किलो वाढले तरी वर्षाचे तीस किलो होतात. बेंचवर हा वेग वर्षानुवर्षं कुणाचाच टिकत नाही. तेव्हा दोन आठवडे वजन वाढलं नाही म्हणून घाबरू नका.

आता खरंच अडकली असेल तर सेट वाढवायचे की कमी करायचे? सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे. अडकण्याची कारणं दोन असू शकतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. एकतर त्या स्नायूला पुरेसं काम मिळत नाही, किंवा झालेल्या कामातून तो सावरत नाही. दुसऱ्या कारणावर पहिला उपाय केला की माणूस दीड-दोन महिने मागे जातो. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत बहुतेकदा हेच झालेलं असतं.

ओळखायचं कसं? बेंचबरोबर रोइंग आणि स्क्वॉटही ढिले पडलेत, वॉर्मअपचे चाळीस किलोच जड वाटतात, कोपर किंवा खांदा सकाळी कुरकुरतो, झोप तुटक आहे, जिमला यायचाच कंटाळा येतोय, अशी लक्षणं एकत्र दिसली तर सेट कमी करायचे. एक आठवडा सेट निम्मे करा, वजन दहा टक्के उतरवा आणि प्रत्येक सेट तीन-चार रेप शिल्लक असताना थांबवा. घरी मात्र बसू नका. हलका आठवडा म्हणजे सुट्टी नव्हे, आणि त्या आठवड्याची फीही माफ नाही.

याउलट बाकी सगळं नीट वाढतंय, अंग ताजं आहे, फक्त बेंच थांबली आहे आणि आठवड्याचे छातीचे सेट सहा-सात आहेत, तर वाढवा. पण आठवड्याच्या आकड्यात दोनच सेटची भर घाला, तेही बेंचचेच, आणि मग तीन-चार आठवडे दुसरं काही बदलू नका. सेट वाढवले, पकड बदलली, नवीन प्रोटीन पावडर सुरू केली आणि इनक्लाइनही (तिरक्या बाकावरची बेंच) घेतलं, तर नेमकं कशाने फरक पडला हे तुम्हाला कळणार नाही आणि आम्हालाही नाही.

सेट मोजताना जड सेटच मोजा, म्हणजे जे संपताना जेमतेम दोन-तीन रेप उरतात असे. वॉर्मअप धरू नका. एका स्नायूला आठवड्याला दहाच्या आसपास असे सेट झाले की बहुतेक नोकरदार माणसांचं काम चालतं. काहींना पंधरा लागतात. विशीतल्या, वेळेवर झोपणाऱ्या मुलांना वीसही झेपतात. चाळिशीतल्या माणसाने त्यांचा कार्यक्रम उचलू नये.

बऱ्याचदा तर एकूण आकडा बदलायचीही गरज नसते, वाटणी बदलावी लागते. समजा, सोमवार हा चेस्ट डे आहे: बेंच चार सेट, इनक्लाइन चार, मशीन चार, फ्लाय तीन. पंधरा सेट एकाच दिवशी, आणि पुढचे सहा दिवस छातीला काही नाही. त्या पंधरातले शेवटचे सहा-सात सेट दमलेल्या हातांनी कसेबसे उरकलेले असतात. त्याऐवजी सोमवारी बेंच चार आणि इनक्लाइन तीन, गुरुवारी बेंच तीन आणि फ्लाय दोन असं करून बघा. एकूण सेट पंधरावरून बारावर आले, पण बेंचचे मात्र चाराचे सात झाले, तेही ताज्या हातांनी. आम्ही सभासदाच्या व्यायामाच्या कार्डावर असं लिहून दिलं की "फक्त बाराच?" असा चेहरा होतो. गर्दी कमी व्हावी म्हणून आम्ही सेट कापतो असंही काहींना वाटतं. सातच्या बॅचला गर्दी कमी झाली तर आम्हालाही आवडेल, पण त्यासाठी कुणाचे सेट कापत नाही.

तालमीतल्या जोर-बैठकांचा दाखला हमखास दिला जातो. आजोबा पाचशे जोर मारायचे, मग सहा सेटने काय होतंय? जोर अंगाच्या वजनावर असतात आणि त्यातून दमसास तयार होतो. साठ किलो रॉडखालचा शेवटचा रेप हे वेगळं काम आहे. शिवाय तालमीतला मल्ल खुराक घेऊन दुपारी झोपतो. तुम्ही ऑफिसमधून, ट्रॅफिकमधून इथे येता.

जिमबाहेरचं कामही हिशेबात धरा. आपल्या पुण्यात गणपतीच्या आधी ढोल पथकांचा सराव सुरू होतो. कमरेला ढोल बांधून दोन-दोन तास उभं राहायचं, एका हाताने टिपरू, दुसऱ्याने थाप, तेही संध्याकाळी. त्या दिवसांत खांदा आणि कंबर आधीच कामाला लागलेली असते. पथकातल्या सभासदांनी विसर्जनापर्यंत बेंच आणि डेडलिफ्टचे सेट एक-तृतीयांश कमी ठेवावेत, वजन आहे तेवढंच राखावं. श्रावणातल्या आणि नवरात्रातल्या उपवासांचंही तसंच. साबुदाण्यात प्रथिनं नावालाच असतात. ताकद वाढवायची तर शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला साधारण 112 ग्रॅम. उपवासात दही, दूध, पनीर, शेंगदाणे यांवर भर द्या आणि त्या आठवड्यांत सेट वाढवायचा विचार सोडा. पावडर आम्ही विकत नाही, त्यामुळे या सल्ल्यात आमचा फायदा नाही.

खांद्यात टोचल्यासारखं दुखत असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील, तर वरचं काहीच लागू नाही. व्यायाम थांबवा, डॉक्टरांना दाखवा, मग आमच्याशी बोला.

कार्ड आठ आठवडे बदलत नाही यावर काहींची नाराजी आहे. शेजारच्या जिममध्ये दर सोमवारी नवीन व्यायाम देतात, असं ऐकतो. त्यात मजा असेलही. पण आकड्यांची तुलना करायची तर व्यायाम तोच राहावा लागतो. ज्यांना कार्ड तपासून हवं आहे त्यांनी सेट-रेपची वही घेऊन रविवारी सकाळी यावं. सभासदांना त्याचे वेगळे पैसे नाहीत. कोरी वही काउंटरवर मिळते, तीही फुकट. ज्यांना प्रत्येक सेटला ट्रेनर शेजारी हवा आहे त्यांच्यासाठी दुपारी बारा ते चार या वेळेत वैयक्तिक प्रशिक्षणाच्या जागा आहेत, आणि त्या वेळी रॅकही रिकामा असतो.

शेवटची गोष्ट प्लेटची. दोन्ही बाजूंना अडीच-अडीचची प्लेट चढवली की एकदम पाच किलो वाढतात. पन्नासवर बेंच मारणाऱ्यासाठी ती दहा टक्क्यांची उडी आहे, आणि अनेकांची बेंच अडकते ती या उडीमुळेच. महिला सभासदांना हे जास्त जाणवतं, कारण तीसवर पाच म्हणजे थेट सहावा हिस्सा. म्हणून आम्ही सव्वा किलोच्या आणि अर्ध्या किलोच्या प्लेट मुद्दाम आणल्या आहेत. अर्ध्या किलोच्या जोडीने रॉडवर एकच किलो वाढतो. त्या रॅकवर नाहीत, काउंटरवर मागून घ्या आणि जाताना परत द्या. बॅगेतून घरी गेलेल्या असतील तर गुपचूप आणून ठेवा, कुणी काही विचारणार नाही.