वर्ड फाइलवरचा शेवटचा हात

आर किंवा पायथन या भाषांतला प्रोग्रॅम आकडेमोड करतो, तक्ते भरतो, आलेख काढतो आणि शेवटी अहवालाची डॉक्सएक्स, म्हणजे वर्डची, फाइल तयार करून देतो. मग कुणीतरी ती उघडतं, सगळा मजकूर सिलेक्ट करून एफ-नाइन दाबतं, तेव्हा कुठे अनुक्रमणिकेत पानांचे आकडे येतात. रुंद तक्त्यापुरतं पान आडवं करायचं, तक्त्यांना रेषा द्यायच्या, हेही हातानेच. पीडीएफ काढली तर ही कटकट टळेल, पण वरिष्ठांना आणि सहलेखकांना ट्रॅक चेंजेस लावून, म्हणजे प्रत्येक बदलाची खूण राहील अशा, दुरुस्त्या करायच्या असतात, त्यामुळे वर्डला पर्याय नसतो. दर महिन्याला अहवाल, तर दर महिन्याला हीच उस्तवारी. ती यंत्राकडे सोपवायची खटपट जुनी आहे, आणि तिला कोणती वाट मिळाली हे प्रत्येक वेळी फाइलच्या रचनेने ठरवलं.

सुरुवातीला वाट एकच होती, वर्डच्या आतली. जुनी डॉक फाइल बायनरी, म्हणजे साध्या अक्षरांत वाचता न येणारी, होती आणि तिचा अधिकृत तपशील मायक्रोसॉफ्टने सर्वांसाठी खुला केला तो थेट 2008 मध्ये. तोवर त्या फाइलला भरवशाने हात लावू शकणारा प्रोग्रॅम म्हणजे खुद्द वर्ड. म्हणून मॅक्रो, म्हणजे वर्डच्या आतच चालणारे छोटे प्रोग्रॅम. वर्डच्या 1989 च्या विंडोज आवृत्तीत ते लिहायला वर्डबेसिक ही भाषा होती, वर्ड 97 मध्ये तिच्या जागी व्हीबीए आलं. फाइल उघडताक्षणी मॅक्रो आपोआप चालावा ही सोय अशा साफसफाईला फारच उपयोगी. पण तिचाच फायदा घेऊन 1995 मध्ये ‘कॉन्सेप्ट’ आणि 1999 मध्ये ‘मेलिसा’ हे व्हायरस पसरले. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो 2022 पासून मुळातच अडवले जातात, तेव्हा मॅक्रो घातलेली फाइल ईमेलने पाठवून काम भागेल ही आशा आता सोडलेली बरी.

दुसरा प्रकार म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमने वर्ड उघडून त्याच्याकडून काम करवून घेणं. टेबलावरच्या संगणकावर हे झकास चालतं. सर्व्हरवर मात्र हे करू नका, असं मायक्रोसॉफ्टच बजावत आली आहे. वर्ड माणसासमोर चालावा म्हणून बनलेला आहे. मध्येच एखादी चौकट उघडून तो ‘ओके’ची वाट पाहत बसतो, आणि सर्व्हरपुढे ते दाबायला कुणी नसतं. आरटीएफ हा फाइलीचा प्रकार, साध्या अक्षरांत लिहिलेला, म्हणून कोडमधून सहज तयार करता येणारा पर्याय 1987 पासून होता. औषधचाचण्यांच्या अहवालांत सॅस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमधून निघणारे आरटीएफ तक्ते आजही दिसतात.

संख्याशास्त्रज्ञ याच प्रश्नाकडे उलट्या टोकाने आले. मजकूर आणि कोड एकाच फाइलीत लिहायचे हा डोनाल्ड क्नूथ यांचा 1984 चा विचार फ्रीडरिश लाइश यांनी 2002 मध्ये ‘स्वीव्ह’ या साधनातून आर भाषेत आणला. पण त्यातून लाटेक, म्हणजे छपाईच्या मांडणीसाठीची खुणांची भाषा, निघायचं, आणि कार्यालयात लाटेक कोण उघडणार? मॅक्स कून यांच्या ‘ओडीएफवीव्ह’ने 2006 च्या सुमारास आरचं कोड थेट ओपन डॉक्युमेंट या खुल्या स्वरूपाच्या फाइलीत घालायची सोय केली. हे जमलं, कारण ती फाइल म्हणजे एक्सएमएल, म्हणजे खुणा घातलेला साधा मजकूर, भरलेली झिप होती.

मायक्रोसॉफ्टनेही ऑफिस 2007 मध्ये तशीच रचना घेतली; डॉक्सएक्स ती हीच. या स्वरूपाला आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची मान्यता देण्यावरून 2008 मध्ये बराच वाद झाला. भारताने विरोधात मत दिलं आणि ते बदललं नाही. मान्यता तरीही मिळाली. तो वाद आपल्या जागी, पण या कामापुरतं खरं वळण हेच: फाइल अनझिप करून आतलं एक्सएमएल बदलायचं आणि परत झिप करायची, वर्डची गरजच नाही. एका स्वरूपातला मजकूर दुसऱ्यात बदलणाऱ्या, जॉन मॅकफार्लन यांच्या पॅनडॉकने 2012 मध्ये डॉक्सएक्स लिहायला सुरुवात केली आणि सोबत नमुना-फाइलची सोय दिली: स्टाइल तिथून उचलायच्या, मजकूर आपला. मथळे, फॉन्ट, समास एवढ्याने सुटतात. मधलंच एक पान आडवं करायचं किंवा ठरावीक तक्त्याचे रकाने ठरावीक रुंदीचे हवेत, तर नमुना पुरत नाही. तिथे पॅनडॉकचे ल्युआ फिल्टर (ल्युआ भाषेतल्या छोट्या स्क्रिप्ट), आरमधलं ‘ऑफिसर’ हे पॅकेज किंवा पायथनमधलं ‘पायथन-डॉक्सएक्स’ लागतं.

मराठी अहवालात आणखी एक खोच आहे. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ समजतो आणि तिचा फॉन्ट, आकार, ठळकपणा रोमन अक्षरांपेक्षा वेगळ्या खुणांत साठवतो. पायथन-डॉक्सएक्समध्ये नेहमीच्या पद्धतीने फॉन्ट आणि आकार दिला की तो रोमन अक्षरांना लागू होतो. देवनागरी मजकूर जिथल्या तिथे. त्या जास्तीच्या खुणा एक्सएमएलमध्ये स्वतः घालाव्या लागतात. इंग्रजी मजकुरावर तपासलेली स्क्रिप्ट मराठीत निम्मंच काम करते, त्याचं कारण बहुधा हेच.

आणि पानांचे आकडे? डॉक्सएक्समध्ये परिच्छेद असतात, स्टाइल असतात, पण पानं कुठे तुटतात हे ठरलेलं नसतं. ते फाइल उघडल्यावर मांडणी करणारा प्रोग्रॅम ठरवतो. म्हणून कोडला अनुक्रमणिकेच्या जागी फक्त एक फील्ड, म्हणजे वर्डने नंतर भरायची जागा, ठेवता येतं. सेटिंग्जमध्ये ‘उघडताना फील्ड ताजी करा’ अशी खूण घालता येते, पण मग उघडणाऱ्याला वर्ड आधी परवानगी विचारतो, आणि अनोळखी प्रश्न दिसला की लोक ‘नाही’ दाबतात. सर्व्हरवर पडद्याशिवाय लिबरऑफिस हे खुलं ऑफिस सॉफ्टवेअर चालवून आकडे भरून घेता येतात. मात्र त्याची मांडणी वर्डशी ओळीन् ओळ जुळतेच असं नाही, आणि लांब अहवालात एखादं प्रकरण एक पान पुढे-मागे सरकतं. त्यामुळे अनेक ठिकाणी बाकी सगळं स्क्रिप्ट करते आणि एफ-नाइन मात्र माणूसच दाबतो.