चार ट्यूबा आणि सागाचं रान

फाल्गुनात गोरेवाड्याच्या रानात हिरवा रंग शोधावा लागतो. सागाची पानं झडलेली, गवत पिवळं पडलेलं, उरल्यासुरल्या पानांवर धूळ. तरी जंगल रंगवायचं म्हटलं की पहिला हात जातो तो हिरव्या ट्यूबेकडे! खरं तर नागपूरच्या आसपासचं रान तैलरंगात उतरवायला ती लागतच नाही. अल्ट्रामरीन ब्लू, यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि टायटॅनियम व्हाइट एवढ्यावर भागतं.

अल्ट्रामरीनच्या स्फटिकात गंधकाचे तीन-तीन अणूंचे गट अडकलेले असतात. ते 600 नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी प्रकाश गिळतात. ऑकर निळा-जांभळा गिळतो. दोन्ही एकत्र केले की या दोघांच्या तावडीतून सुटतो तो मधला हिरवा. पण ऑकरमधलं लोह त्या हिरव्यातलाही थोडा घास घेतं, म्हणून मिश्रण मळकट उतरतं. आपल्याला हवं तेच! दुकानातला तयार हिरवा या रानात उपरा दिसतो.

ऑकरचा पिवळा गोएथाइट या खनिजाचा. लोहाची पिवळट माती भाजली की गोएथाइटमधलं पाणी उडून जातं आणि लाल हेमॅटाइट बनतं. भट्टीतली वीट लाल होते तीही हेमॅटाइटमुळेच. सिएना नावाची माती अशीच भाजून बर्न्ट सिएना करतात. त्यात अल्ट्रामरीन मिसळलं की जवळजवळ काळा मिळतो, तोही हवा तसा थंड किंवा उबदार. सावल्यांसाठी काळी ट्यूब मी तरी घेणार नाही.

लांबच्या टेकड्या निळ्या रंगवायच्या, हा नियम स्वच्छ हवेचा. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. धुळीचे कण त्या मानाने फार मोठे, ते सगळेच रंग साधारण सारखे विखुरतात. म्हणून उन्हाळ्यात आपल्याकडचं क्षितिज फिकट, मातकट दिसतं.

पळसापुढे मात्र ही चौकडी हरते. सिएनाने फूल विटकरी होतं, तिथे कॅडमियम ऑरेंजचा ठिपका हवाच. ठिपका पुरतो, कारण शेजारच्या मळकट रंगांमुळे तो आहे त्याहून भडक भासतो. फ्रेंच रसायनतज्ज्ञ शेव्रल यांनी 1839 सालीच हा परिणाम सविस्तर मांडला होता.

आता तेल. विदर्भात ज्याची चटणी होते त्या जवसाचंच. ते हवेत उडून वाळत नाही. त्यात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असतं. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि घट्ट पापुद्रा तयार होतो. या क्रियेत उष्णता बाहेर पडते. कॅनव्हासवर ती सहज निघून जाते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांच्या बोळ्यात साठते आणि बोळा आपोआप पेटूही शकतो. मे महिन्यात तर धोका आणखी वाढतो. म्हणून चिंध्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात, नाहीतर बाहेर मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवाव्यात.