भिंतीची ओल: आधी नोंदी, मग दुरुस्ती

भिंतीचे पोपडे निघाले किंवा कपाटामागे बुरशी धरली की पहिला विचार येतो वॉटरप्रूफिंगचा. आम्ही जरा थांबायला सांगतो. ओल कुठून तरी मुरलेल्या पाण्याची असते, जमिनीतून चढलेली असते, नाहीतर घरातल्याच हवेतली वाफ थंड भिंतीवर जमलेली असते. हे शेवटचं कारण असेल, तर बाहेरून कितीही लेप द्या, पैसे पाण्यात.

म्हणून आम्ही तीन छोटे लॉगर, म्हणजे आपोआप नोंदी ठेवणारी यंत्रं, ठेवतो: एक खोलीत, एक बाहेर सावलीत, आणि तिसऱ्याचा सेन्सर थेट ओल्या जागेला टेकवून. दर 15 मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता नोंदली जाते, निदान दोन आठवडे. एकदाच येऊन मीटर लावून सांगितलेल्या निदानावर आमचा फारसा भरवसा नाही.

आर्द्रतेचा नुसता टक्का फसवतो. 30 अंशांना 50 टक्के दाखवणारी हवा 20 अंशांवर आली की 90 टक्के दाखवते, पाणी तेवढंच असून! त्यामुळे आम्ही दवबिंदू काढतो, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान. या हवेचा दवबिंदू साधारण 18 अंश आहे. भिंत त्याहून थंड झाली की तिच्यावर पाणी सुटणारच. बुरशीला तर एवढंही लागत नाही. भिंतीलगतची आर्द्रता बरेच दिवस 80 टक्क्यांच्या वर राहिली की तिला पुरतं.

आतला दवबिंदू बाहेरच्यापेक्षा सतत जास्त असेल, तर वाफ घरातच तयार होते आहे: स्वयंपाक, आंघोळ, आत वाळत घातलेले कपडे. तिथे एक्झॉस्ट पंख्यानेही काम भागू शकतं. भिंत कायम दवबिंदूपेक्षा गरम आणि तरीही ओली असेल, तर संशय गळतीवर किंवा जमिनीवर. खालच्या साधारण मीटरभर पट्ट्यातच लोणा लागला असेल, तर बहुधा जमिनीतली ओल. नेमका कुठला पाइप गळतो हे मात्र लॉगर सांगत नाही. त्यासाठी पाइपांची वेगळी तपासणी करावी लागते.

लॉगर बरोबर दाखवतो का, असं काही ग्राहक विचारतात, आणि विचारावंच. मिठात थोडंसंच पाणी घालून ओलसर लगदा करा. तो वाटीत घालून लॉगरसोबत हवाबंद डब्यात एक दिवस ठेवा. लगदा लॉगरला लागू देऊ नका. आकडा 75 टक्क्यांच्या आसपास यायला हवा.

नोंदी चालू असताना नेहमीसारखंच राहा. यंत्र दिसलं की लोक लगेच खिडक्या उघडू लागतात, आणि मग आमच्या हाती नेमका चुकीचा पंधरवडा येतो.