आयाराम आणि गयाराम ही दोन माणसं नव्हती

निवडणूक लागली की जळगाव-धुळ्यापासून तळोद्यापर्यंत पारावर हमखास ऐकू येतं: हरियाणात आयाराम आणि गयाराम असे दोन आमदार होते, एक आला नि दुसरा गेला. हे खरं नाही. माणूस एकच, गया लाल. 1967 मध्ये हसनपूरमधून ते अपक्ष निवडून आले, काँग्रेसमध्ये गेले आणि नंतर पंधरवड्यात तीनदा बाजू बदलली. हरियाणातले नेते राव बिरेंदर सिंह यांनी चंदीगडला त्यांना पत्रकारांपुढे उभं करून सांगितलं, गयाराम आता आयाराम झाले. नावावरची ही कोटी देशभर रुळली.

मूळ टोला एकाच माणसाच्या ये-जा करण्यावर होता. आपल्याकडे तो फाटला: पक्षात आलेला प्रत्येक जण आयाराम, सोडून गेलेला गयाराम, उरलेले निष्ठावंत.

‘एक तृतीयांश फुटले की पद वाचतं’ हेही अजून छातीठोकपणे सांगितलं जातं. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यात ती पळवाट होती खरी, पण 91 व्या घटनादुरुस्तीने 2003 मध्ये ती काढली. आता विलीनीकरण आणि दोन तृतीयांश आमदारांची संमती लागते. अपक्षाने निवडून आल्यावर पक्षप्रवेश केला तरी आमदारकी जाते. म्हणजे गया लाल पहिल्याच उडीत अडकले असते.

नगरपालिका, जिल्हा परिषदेला राज्याचा 1986 चा वेगळा कायदा आहे. ग्रामपंचायत मात्र पक्षचिन्हावर लढवलीच जात नाही. यावल-चोपड्याच्या सरपंचाला आयाराम म्हणा, पद त्यामुळे जात नाही.