बॅलन्स्ड व अनबॅलन्स्ड केबल (घरगुती ध्वनियंत्रणा)

ध्वनिसंकेत एका यंत्राकडून दुसऱ्याकडे नेणाऱ्या केबलचे दोन प्रकार. अनबॅलन्स्ड केबलमध्ये संकेताची एकच तार असते आणि तिच्याभोवतीची जाळी परतीचे काम करते. आरसीए पिन ही तिची ओळख. बॅलन्स्डमध्ये संकेताच्या दोन तारा आणि जाळी वेगळी. तिच्या एक्सएलआर या गोल प्लगच्या तीन पिनांपैकी १ जाळीची, २ व ३ संकेताच्या. वाटेत शिरलेला गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसतो. घेणारे यंत्र दोहोंतला फरक तेवढा उचलते, म्हणून गोंगाट गळून पडतो. त्यासाठी दोन्ही तारांचा जमिनीशी असलेला इंपीडन्स (प्रवाहाला होणारा अडथळा) सारखा लागतो; संतुलन म्हणायचे ते यालाच.

बेळगावात गणेशोत्सवाच्या मंडपात मिक्सरपासून अ‍ॅम्पपर्यंत लांबलचक एक्सएलआर टाकलेली असते. ती पाहून घरीही तीच हवी, असा आग्रह धरला जातो. पण मंडपातला न्याय दिवाणखान्याला लागू नाही. एकाच कपाटातल्या दोन यंत्रांमध्ये मीटर-दीड मीटरची साधी, नीट जाळीची आरसीए केबल पुरते. शहापूर, वडगाव, खासबाग भागात शेजारी यंत्रमाग असतात. तिथे मोटर सुरू होताना स्पीकरमधून येणारा ‘कट्’ पुष्कळदा विजेच्या लाइनमधूनच आत येतो. त्यावर महागडी केबल घेऊन उपयोग नाही.

खरी डोकेदुखी अर्थ-लूपची, म्हणजे यंत्रणा दोन वाटांनी जमिनीशी जोडली जाऊन होणाऱ्या वेटोळ्याची. अ‍ॅम्पला अर्थिंग प्लगमधून मिळते आणि गच्चीवरच्या डिशची केबल टीव्हीमार्फत दुसरी वाट उघडते. मग ५० किंवा १०० हर्ट्झची घूं सुरू होते. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचा विलंबित ख्याल लावावा, तर खाली न जुळवलेला दुसरा तानपुरा! डिशची केबल काढून पाहावी. घूं थांबली तर कारण सापडले. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर घ्यावीत. तरी भागले नाही तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारा थेट न जोडता संकेत पुढे नेणारा) किंवा बॅलन्स्ड जोडणी. प्लगची अर्थ पिन मात्र कधीही तोडू नये. त्यात जिवाला धोका आहे.

दुकानात तुलना करताना एक फसगत होते. पुष्कळ डॅकमधून (डिजिटल संकेताचा ध्वनिसंकेत करणाऱ्या यंत्रांतून) आरसीएला सुमारे २ व्होल्ट आणि एक्सएलआरला ४ व्होल्ट मिळतात. आवाज ६ डेसिबलने मोठा येतो आणि मोठा तो चांगला वाटतो. दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यावा.

आरसीएच्या टोकाला अडॅप्टर लावून एक्सएलआर केली, तरी जोडणी अनबॅलन्स्डच राहते. तीन संपर्कांचा हेडफोन जॅकही बॅलन्स्ड नसतो; त्यात डावा, उजवा आणि दोघांची सामाईक परतीची वाट असते.