पाल्याच्या पोत्यात तार नको : बागेचा आणि सुका कचरा देणाऱ्या ग्राहकांसाठी

आम्ही घराघरांतून बागेचा पाला आणि सुका माल नेतो, पाल्याचं खत करतो. त्याबद्दल फोनवर आणि तुमच्या गेटवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाचं छापून काढलं आहे. ओला कचरा कोणता आणि सुका कोणता, हे छत्रपती संभाजीनगरात वेगळं सांगायची गरज नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत शहराचा कचरा जिथे टाकला जायचा त्या नारेगाव परिसरातल्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, पुढे कित्येक आठवडे चौकाचौकात ढीग साचले आणि सगळ्या शहराची शाळा झाली. ती बाराखडी इथे पुन्हा गिरवत नाही.

पत्रक वाचून झालं की माळीकाकांना द्या. पोतं तेच भरतात.

घंटागाडी येते, मग तुम्हाला पैसे कशाचे?

घंटागाडी घरच्या कचऱ्यासाठी आहे. भाजीची देठं, चहाचा चोथा, शिळं अन्न एका कप्प्यात, सुका दुसऱ्या कप्प्यात. त्यात बोगनवेलीच्या छाटणीची चार-पाच पोती रचली तर पुढच्या गल्लीचा कचरा घ्यायला जागा उरत नाही. म्हणून गाडीवरची मंडळी नको म्हणतात. त्यांच्याशी भांडू नका, त्यांचं बरोबर आहे. शिवाय महापालिकेच्या कांचनवाडीच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार होतो. हवाबंद टाकीत पोळी-भाजी लवकर कुजते, फांदीतलं लाकूड मात्र तसंच राहतं. बागेचा कचरा घरच्या ओल्या कचऱ्यात मिसळू नये याचं साधं कारण हे आहे.

कायद्याचंही थोडक्यात सांगतो. बागेचा कचरा आपल्या आवारात वेगळा ठेवायचा आणि स्थानिक संस्था सांगेल तशी त्याची विल्हेवाट लावायची, हे २०१६ च्या घनकचरा नियमांत होतं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत घरच्या कचऱ्याचे चार भाग आहेत : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. कचरा रस्त्यावर, मोकळ्या जागेत टाकायला किंवा जाळायला मनाई आहे. तरी माघ-फाल्गुनात कडुनिंबाची पानगळ लागली की सकाळी सकाळी कॉलनीत धूर दिसतोच. पाला जाळायचा आणि पावसाळ्यात नर्सरीतून पाल्याचंच खत विकत आणायचं, हा हिशोब आम्हाला अजून कळलेला नाही.

आमचं काम दोन प्रकारचं. बागेचा पाला, गवत, फांद्या आम्ही पोत्यामागे पैसे घेऊन नेतो. रद्दी, पुठ्ठा, बाटल्या, लोखंड वजनावर पैसे देऊन नेतो. महिन्याला दोन्ही देणाऱ्यांची वजावट त्याच पावतीवर होते. सोसायट्यांना हे सोपं पडतं, कारण सचिवाला वर्गणी मागत फिरावं लागत नाही.

गेटवर पोतं पालथं का करता?

सगळ्यात जास्त नाराजी याच्यावर आहे. "अहो भाऊ, नुसता पालाच आहे, उचला की सरळ. आमच्यावर विश्वास नाही का?"

विश्वास आहे. पण पाल्याच्या पोत्यात आम्हाला काय काय सापडतं ते ऐका. दिवाळीत झाडाला गुंडाळलेली आणि छाटणीच्या वेळी फांदीसकट कापलेली लायटिंगची माळ. वेल रेलिंगला बांधलेली बाइंडिंग वायर. रोपाबरोबर आलेली नर्सरीची काळी पिशवी. उन्हाने कडक झालेली ठिबकची नळी. महालक्ष्म्यांच्या सजावटीची झिरमिळ्यांची पट्टी. संक्रांतीनंतर महिनाभर नायलॉन मांजा, ज्याच्यावर बंदी आहे आणि जो तरीही प्रत्येक झाडात अडकलेला असतो. हे मुद्दाम कोणी टाकत नाही. झाडावर असतं, झाडाबरोबर येतं. म्हणूनच वरून पोतं बघून काही कळत नाही, ते पालथंच करावं लागतं.

आता मशीनकडे वळतो. ज्यांनी गावाकडे कडबाकुट्टी बघितली आहे त्यांना आमचं श्रेडर समजायला वेळ लागणार नाही : फिरणारा शाफ्ट, त्याला पाती, वरून फांद्या घालायच्या, खालून कुट्टी पडते. नायलॉनची दोरी त्या पात्याने कापली जात नाही. ती शाफ्टला गुंडाळत जाते, घासून तापते, वितळते आणि बेअरिंगजवळ तिचं कडक कडं तयार होतं. मग मशीन बंद करायचं, झाकण उघडायचं, पाती काढायची आणि छिन्नीने ते कडं खरवडून काढायचं. तारेचं उलटं आहे. ती गुंडाळण्याआधी पात्याला दाता पाडते. दाता पडलेलं पातं फांदी चिरत नाही, नुसती पिंजते. लांब पिंजलेले तुकडे खताच्या ढिगात महिनोन्महिने तसेच दिसतात, आणि पाती धार लावायला पाठवली की मशीन पुन्हा बंद.

"काल गाडी का आली नाही?" या फोनचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. मशीन बंद म्हणजे गाडी रिकामी करायला जागा नाही. भरलेली गाडी उभी, पुढची सगळी पाळी मागे. शहरातल्या सातारा-देवळाई भागातल्या एका पोत्यातली दोरी सिडकोतल्या चार घरांचा दिवस बुडवते. गेटवरचा थोडा वेळ आम्ही त्यासाठीच घालवतो, आणि तो पुढेही घालवणार आहोत. पालथं केलेलं पुन्हा भरून, जागा झाडून देणं हे आमच्या माणसांचं काम आहे. ते झालं नाही तर जरूर तक्रार करा.

तार-दोरी निघाली तर आमचा माणूस ती बाजूला काढून तुमच्या हातात देईल. थोडीफार असेल तर काही बोलत नाही. पोतंभर पिशव्या आणि नळ्या निघाल्या तर ते पोतं परत ठेवतो, आणि त्याचे पैसे लावत नाही. "पैसे घ्या पण घेऊन जा" असं म्हटलं तरी नाही. निवडायला जो वेळ जातो त्याचे पैसे सांगितले तर तुम्हालाच महाग पडेल.

पोतं भरताना

छाटणीच्या आधी झाडावरची तार सोडवा, छाटणीनंतर नको. फांदी खाली पडली की तार पाल्यात हरवते. माळीकाकांना एवढी एकच सवय लागली तर आमचं निम्मं काम झालं.

पोत्याचं तोंड बांधायचंच असेल तर तागाची सुतळी वापरा. प्लास्टिकची सुतळी, नाडी, जुन्या साडीची काठाची पट्टी नको. खरं तर बांधूच नका, तोंड उघडं राहिलं तर बरंच. हिरवं गवत कापून लगेच काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंडलं की उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी त्यात हात घालवत नाही, इतकं तापतं आणि वास मारतो. लॉनचं गवत एक दिवस पसरून सुकवा. पोती कमी होतील आणि तुमचेच पैसे वाचतील. हे आमच्या धंद्याच्या विरुद्ध आहे, पण सांगतो.

फांदी मनगटाएवढी जाड असली तर चालते. त्याहून जाड ओंडके वेगळे ठेवा. अख्खं झाड तोडलं असेल तर आधी महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी दाखवा. १९७५ चा कायदा आहे, आणि बिनपरवाना तोडलेलं झाड आमच्या गाडीत सापडलं तर उत्तर आम्हाला द्यावं लागतं. यावर गेटवर चर्चा करू नये ही विनंती.

नारळाची झावळी आणि शेंड्या वेगळ्या बांधा. काथ्याचे धागेही शाफ्टला गुंडाळतात, म्हणून त्या आम्ही दुसऱ्या पद्धतीने कुजवतो. निवडुंग आणि बाभळीचे काटे वेगळ्या पोत्यात, वर कागद लावून. पोतं उचलणाऱ्याच्या पाठीवर ते टोचतात. गाजरगवत फुलायच्या आत उपटलेलं असेल तर घेतो. फुलावर आलेलं घेत नाही, कारण त्याचं बी खतातून पुन्हा तुमच्याच वाफ्यात येईल. निर्माल्य चालतं, सुती दोऱ्यासकट चालतं, पण जरीची माळ आणि थर्माकोलचा मणी काढून. कुंडीतली माती पोत्याच्या तळाशी घालू नका. वजन वाढतं आणि वाळूने पातं बोथट होतं.

सुका माल

यात फार सांगण्यासारखं नाही. कोरडा असेल तर भाव मिळतो, भिजला तर नाही. तेलकट पुठ्ठा रद्दीत जात नाही. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो बारीक तुकडा कुठल्याच डब्यात सापडत नाही, शेवटी नालीत जातो. पिशवी विसळून वाळवली तर घेतो. फुटलेली काच कागदात गुंडाळून वर "काच" लिहा. वेफर्सची चकचकीत पाकिटं आणि थर्माकोल यांना आमच्याकडे गिऱ्हाईक नाही, ते घंटागाडीच्या सुक्यात द्या. ट्यूबलाइट, सीएफएल, जुनी औषधं आणि बॅटऱ्या आम्हाला देऊ नका. ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा असतो, ती फोडायची वस्तू नाही. या सगळ्या विशेष काळजीच्या कप्प्यातल्या.

"भंगारवाला जास्त भाव देतो" असंही ऐकतो. देत असेल. आमचा काटा इलेक्ट्रॉनिक आहे, वजन तुमच्यासमोर होतं आणि पावती मिळते. दोन्हीकडचा माल एकदा घरच्या काट्यावर तोलून बघा, आम्ही थांबतो.

खताबद्दल

पाल्याचं खत म्हणजे नुसता कुजलेला पाला नव्हे. सुक्या पानात कार्बन जास्त, हिरव्या गवतात नायट्रोजन जास्त. दोन्ही मिळून साधारण तीसाला एक असं प्रमाण जमवावं लागतं. ओल अशी लागते की मूठ दाबली तर हात ओलसर व्हावा, पाणी गळू नये. जमलं की ढीग आतून ५५ अंशांच्या वर तापतो आणि तणाचं बरंचसं बी, रोगाचे जंतू तिथे मरतात. मग तो थंड होईपर्यंत थांबायचं, उलथापालथ करायची आणि ४ मिलिमीटरच्या चाळणीतून काढायचं. नायलॉनचे बारीक धागे त्या चाळणीतूनही सुटतात. "तुमच्या खतात प्लास्टिक निघालं" असा फोन आला की आम्ही माफी मागतो, बदलून देतो, पण ते प्लास्टिक आम्ही पिकवलेलं नसतं.

एप्रिल-मेमध्ये खत कमी निघतं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात ढीग वरून सुकतो, आणि नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे तुम्हाला माहीत आहे. ढिगासाठी टँकर घ्यावा लागतो, गोणपाट भिजवून झाकावं लागतं. म्हणून मृगाच्या लागवडीसाठी खत हवं असेल तर होळीच्या सुमारास सांगून ठेवा. पाला देणाऱ्या ग्राहकांना आधी मिळतं आणि कमी दराने मिळतं.

बाग लहान असेल, चार कुंड्या आणि एक तुळस, तर आमची गाडी लावूच नका. भोकं पाडलेल्या ड्रममध्ये पाला आणि थोडं शेण घालून घरीच खत होतं. लवकर व्हायला हवं असेल तर कुट्टी केलेला पाला आमच्याकडून न्या.

पावसाळ्यात पोती पत्र्याखाली ठेवा, भिजलेलं पोतं दोघांनाही उचलत नाही. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात सगळ्यांच्याच बागा साफ होतात, तेव्हाची पाळी नवरात्रातच सांगावी. एरवी माळीकाका कोणत्या वारी येतात ते पावतीवरच्या नंबरावर कळवा, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पाठवतो.