अम्हारिकचा अभ्यास: आबा गोर्गोरियोस ते गेताच्यू हाइले

इथिओपियाच्या भाषांच्या अभ्यासाचा इतिहास बहुतेक ठिकाणी हिओब लुडोल्फ या जर्मन पंडितापासून सुरू होतो. खरं तर तो त्याच्या गुरूपासून सुरू व्हायला हवा. आबा गोर्गोरियोस हे अम्हारा प्रांतातले धर्मगुरू. अम्हारिक ही तिथलीच बोलती भाषा. सम्राट फासिलिदसने जेझुइट या कॅथलिक धर्मप्रचारकांना हाकलून दिल्यावर त्यांच्या बाजूच्या गोर्गोरियोस यांनाही देश सोडावा लागला. रोममध्ये सेंट पीटर चर्चच्या मागे इथिओपियन यात्रेकरूंसाठी सान्तो स्तेफानो हा मठ होता. १६४९ साली पंचविशीतला लुडोल्फ तिथेच त्यांना भेटला.

लुडोल्फने गीझ भाषा पुस्तकांवरून शिकून घेतली होती. गीझ ही इथिओपियन चर्चची भाषा. बोलचालीतून ती कधीच गेली होती. आपल्याकडच्या संस्कृतसारखी पोथ्यांत आणि पाठांतरात टिकून होती. दोघांना धड येणारी दुसरी समान भाषा नसल्यामुळे सुरुवातीचं बोलणं झालं ते याच गीझमध्ये. पुढे १६५२ साली गोर्गोरियोस जर्मनीतल्या गोथा इथल्या राजवाड्यात पाहुणे म्हणून राहिले आणि लुडोल्फच्या प्रश्नांना उत्तरं देत राहिले: व्याकरण, राजघराणं, सण, खाणंपिणं, सगळंच. १६५८ मध्ये परतीच्या वाटेवर जहाज बुडून त्यांचा अंत झाला.

त्यानंतर ४० वर्षांनी, १६९८ साली, लुडोल्फचं अम्हारिक व्याकरण आणि अम्हारिक-लॅटिन कोश फ्रँकफर्टला छापून निघाले. त्याने इथिओपियात कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. या कामाचा पाया गोर्गोरियोस यांनी सांगितलेल्या मजकुराचा होता, आणि लुडोल्फने तो लपवला नाही: १६९१ च्या ग्रंथात त्याने आपल्या गुरूचं चित्र छापलं. नंतरच्या अनेक अभ्यासकांनी आपल्या माहीतगारांना इतकाही मान दिला नाही.

इथिओपियात अभ्यासाची स्वतःची परंपरा होतीच. चर्चच्या शाळांत मुलं आधी वाचन, मग धर्मगीतांचं गायन, मग ‘क़िने’ हे श्लेषयुक्त काव्य शिकत. क़िने रचायचं तर गीझचं व्याकरण मुरलेलं असावं लागे. धर्मग्रंथांवरची अम्हारिक टीका गुरूकडून शिष्याकडे तोंडी जाई. युरोपातल्या विद्यापीठांना या ज्ञानाची गरज वारंवार पडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलका ताये गेब्रे मरियम हे विद्वान बर्लिनला शिकवायला गेले, ते त्यामुळेच.

एकोणिसाव्या शतकात या कथेत मुंबई येते. चर्च मिशनरी सोसायटीचे कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग यांना इथिओपियातून बाहेर पडावं लागलं. १८४१ मध्ये त्यांचा अम्हारिक कोश आणि १८४२ मध्ये व्याकरण लंडनला प्रसिद्ध झालं. त्यानंतरची बरीच वर्षं त्यांनी मुंबईत काम केलं.

दुसरा दुवा मात्र क्लेशदायक आहे. सम्राट तेवोद्रोस दुसरा याने ब्रिटिश दूत आणि मिशनऱ्यांना कैदेत ठेवलं, म्हणून मुंबई लष्कराचे सरसेनापती रॉबर्ट नेपियर यांच्या हाताखाली फौज निघाली. तिच्यात हिंदी शिपाई मोठ्या संख्येने होते, भारतातून नेलेले हत्तीही होते. १३ एप्रिल १८६८ रोजी मग्दला किल्ला पडला, तेवोद्रोसने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि लूट सुरू झाली. तेवोद्रोसने मग्दलाच्या चर्चसाठी शेकडो पोथ्या जमवल्या होत्या. लूट खाली आणायला १५ हत्ती आणि सुमारे २०० खेचरं लागली. त्यातल्या सुमारे ३५० पोथ्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. १८७७ साली विल्यम राइट यांनी केलेली या पोथ्यांची सूची छापली गेली आणि लंडन हे गीझच्या अभ्यासाचं मोठं केंद्र बनलं. हे ज्ञान लुटीवर उभं राहिलं, हे स्पष्ट म्हटलंच पाहिजे. पुढचा सम्राट योहान्नेस चौथा याने लुटीतल्या ‘केब्रा नेगस्त’ या इथिओपियाच्या राजवंशाची कथा सांगणाऱ्या ग्रंथाची मागणी केली. त्या पोथीशिवाय प्रजा माझं ऐकणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. १८७२ साली ती परत मिळाली. बहुतेक पोथ्या तिकडेच राहिल्या.

विसाव्या शतकात अभ्यास पोथ्यांपलीकडे बोलीभाषांकडे वळला. वुल्फ लेस्लाऊ या भाषाशास्त्रज्ञांनी गुरागे, हरारी अशा भाषा नोंदवल्या. १९४७ मध्ये त्यांना गाफात भाषा बोलणारी केवळ ४ माणसं सापडली. आज ती भाषा उरलेली नाही. १९६३ मध्ये अदिस अबाबाच्या विद्यापीठात इथिओपियन अभ्यास संस्था सुरू झाली. तिचे पहिले संचालक रिचर्ड पँकहर्स्ट. आता अभ्यासकाला इथिओपियातच कामाचं ठिकाण मिळालं.

१९७३ पासून मठांमधल्या पोथ्यांच्या मायक्रोफिल्म घेण्याचं काम सुरू झालं. फिल्मची एक प्रत अदिस अबाबाला राही, दुसरी अमेरिकेत मिनेसोटाला जाई आणि मूळ पोथी तिच्या मठातच राही. या संग्रहाची सूची करण्यात आयुष्य घातलं ते गेताच्यू हाइले या इथिओपियन विद्वानांनी. १९७५ मध्ये दर्ग या लष्करी राजवटीच्या सैनिकांच्या गोळीने त्यांचे पाय कायमचे लुळे पडले. दुसऱ्या वर्षी ते मिनेसोटाला पोचले आणि व्हीलचेअरवर बसून त्यांनी हजारो पोथ्यांचं वर्णन लिहिलं. २०२१ मध्ये ते गेले. आज कुणी गीझ साहित्यावर काम करायला बसलं, की त्यांच्या सूचीचे खंड उघडावेच लागतात.